काळी पाच वेगळी, कागदावरचा पाच वेगळा

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका पोट्ट्याने विचारलं आहे: "मास्तर, गावच्या भजनी मंडळात आठ वर्षं पेटी वाजवतो. यंदा दिवाळीनंतर एका ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर बसायचं ठरलं. त्यांनी फोनवर गाण्यांचे कागद पाठवले. त्यात सरगम नाही, नुसते आकडे: १ ५ ६- ४. मी १ म्हणजे काळी एक, ५ म्हणजे काळी पाच असं धरून वाजवलं तर भलतंच वाजते. हे वाचायला कसं शिकू? क्लास लावावा लागेल का? आणि माझी पेटी वाया गेली का?"

भाऊ, क्लास लावू नको. तुला जे येत नाही असं वाटतं, त्यातलं निम्मं तू आठ वर्षं रोज करतो आहेस. उरलेल्या निम्म्यात अडचण अशी की कागदावरच्या खुणा तुला ओळखीच्या वाटतात आणि त्यांचा अर्थ तिथे वेगळा असतो. नवख्याला हे शिकायला सोपं जातं, पेटीवाल्याला आधी थोडं विसरावं लागतं. तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत मंचापुढे बसून ऑर्गन आणि कीबोर्ड वाजवला. आकड्यांचा पहिला कागद हातात आला तेव्हा मीही तुझ्यासारखाच काळी पाच दाबून बसलो होतो.

आधी सोपं सांगतो. कागदावरचा १ म्हणजे सा. २ म्हणजे रे, ३ ग, ४ म, ५ प, ६ ध, ७ नी. गायकाने पट्टी बदलली की तुझा सा सरकतो आणि मागोमाग सगळी सरगम सरकते. त्याबद्दल तू कधी तक्रार केली नाहीस. हे आकडेही तसेच सरकतात. अमेरिकेत नॅशव्हिल शहरात ही पद्धत रूढ झाली. तिथल्या स्टुडिओत दिवसभर वेगवेगळे गायक येत आणि ऐनवेळी पट्टी बदलत. कॉर्ड्स, म्हणजे एकत्र दाबायच्या सुरांचे गठ्ठे, इंग्रजी अक्षरांनी लिहिलेल्या असल्या की प्रत्येक वेळी अख्खा कागद नव्याने लिहावा लागे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स नावाच्या गायकचमूतल्या नील मॅथ्यूजने आपल्या साथीच्या आवाजांसाठी आकडे वापरायला सुरुवात केली. हार्मोनिका वाजवणारा चार्ली मॅकॉय आणि त्याच्या सोबतच्या वादकांनी ती युक्ती कॉर्ड्सना लावली. त्यांना जे शोधून काढावं लागलं ते आपल्याकडे सा-रे-ग-म मध्ये पहिल्या दिवसापासून आहे.

फरक एवढाच की तुझा 'प' हा एक सूर असतो आणि कागदावरचा ५ हा तीन सुरांचा गठ्ठा, म्हणजे कॉर्ड असते. आकड्याचा सूर घे, एक सोडून पुढचा घे, पुन्हा एक सोडून पुढचा घे. १ म्हणजे सा ग प. ४ म्हणजे म ध सा. ५ म्हणजे प नी रे. ६ म्हणजे ध सा ग.

आता पहिला खड्डा, ज्यात तू पडलास. आपण 'काळी पाच' म्हणतो तेव्हा तो पेटीवरचा ठरलेला पडदा असतो. तो कधी हलत नाही. कागदावरचा ५ हा गायकाच्या सा पासून मोजलेला पाचवा असतो. गायक काळी एकमध्ये गात असेल तर १ म्हणजे काळी एक, २ म्हणजे काळी दोन. इथवर जमलं म्हणून माणूस खूश होतो. पुढे ४ येतो काळी तीनवर, ५ येतो काळी चारवर आणि ६ येतो काळी पाचवर. तू ५ बघून काळी पाच दाबलीस, म्हणजे प च्या जागी ध धरलास. भलतंच वाजणारच. ३ तर काळ्यात नाहीच, तो पांढरी चारवर आहे.

आणि लोक सांगतील, "सुरुवात पांढरी एकमधून कर, सोपी असते." ऐकू नको. पांढरी एकमध्ये १ म्हणजे पांढरी एक, ४ म्हणजे पांढरी चार, ५ म्हणजे पांढरी पाच, सगळं जुळते. महिनाभर तू खुशीत वाजवशील आणि चुकीची गोष्ट डोक्यात पक्की बसेल की आकडा म्हणजे पडदा. मग बाईमाणूस गायला उभी राहील, काळी चार सांगेल आणि तुझे हात थिजतील. म्हणून सुरुवात काळी एकपासून कर. दुसरी पट्टी काळी चार घे. तिच्यात ४ काळी एकवर येतो, ५ काळी दोनवर आणि ६ पांढरी चारवर. या दोन पट्ट्या हातात बसल्या की आकडा आणि पडदा यांची गाठ आपोआप सुटते. त्यानंतर काळी दोन आणि काळी पाच. पांढरी एक सगळ्यात शेवटी.

दुसरा खड्डा त्या आडव्या रेघेचा. स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीत आपण 'सा - - रे' लिहितो तेव्हा रेघ म्हणजे मागचा सूर लांबवायचा. कागदावर '६-' दिसला की पेटीवाला ६ वाजवून एक मात्रा थांबतो. तिथे रेघेचा थांबण्याशी काही संबंध नाही. ती रेघ सांगते की ही कॉर्ड मायनर आहे. सा ते ग मध्ये चार घरं आणि ग ते प मध्ये तीन, म्हणून १ मेजर. ध ते सा तीन आणि सा ते ग चार, म्हणून ६ मायनर. घरं म्हणजे काळे-पांढरे सगळे पडदे धरून मोजायचं. शुद्ध स्वरांत १, ४, ५ मेजर येतात आणि २, ३, ६ मायनर. ७ वर दोन्हीकडे तीन-तीनच घरं पडतात. त्याला डोक्यावर बारीक शून्य काढतात आणि तो क्वचितच भेटतो.

तिसरा खड्डा आकड्याखालच्या रेघेचा. आपल्याकडे स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. या कागदांवर दोन आकड्यांखाली मिळून एक रेघ असते, तिचा अर्थ दोघांनी एकच बार, म्हणजे ठोक्यांचा एक ठरलेला गट, वाटून घ्यायचा. आपण एका मात्रेत दोन स्वर बसवताना खाली अर्धचंद्र काढतो, त्याचा हा भाऊ समज. मग कोमल कसं दाखवतात? आकड्याच्या आधी इंग्रजी बारक्या बी सारखी खूण येते. मी माझ्या कागदांवर सरळ 'को' लिहितो. 'को७' म्हणजे कोमल नी च्या पडद्यावरची कॉर्ड: कोमल नी, रे, म. हाच ७ आकड्याच्या आधी न येता डोक्यावर उजवीकडे बारीक आला तर गोष्ट बदलते. ५ च्या डोक्यावर ७ म्हणजे कॉर्ड ५ चीच, तिच्यात एक सूर जास्त: प नी रे म. ही दोन सातं एकमेकांत मिसळू देऊ नको. नवे लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

बाकीच्या खुणा भराभर सांगतो. आकड्याभोवती शंकरपाळ्यासारखा चौकोन असला की एकदाच दाबून बार संपेपर्यंत धरून ठेवायचं. डोक्यावर बाणासारखी खूण म्हणजे ठोक्याच्या किंचित आधी यायचं. तिरप्या रेघेच्या वर १ आणि खाली ३ असेल तर उजव्या हातात १ ची कॉर्ड आणि खर्जात ग. हा खालचा आकडाही गायकाच्या सा पासूनच मोजायचा, वरच्या कॉर्डपासून नाही. डोक्यावर बारीक उभ्या टिकल्या म्हणजे त्या कॉर्डला किती ठोके: १ वर तीन टिकल्या आणि ५ वर एक, म्हणजे तीन ठोके १ आणि चौथा ५ चा. खुणा प्रत्येक जण थोड्या आपल्या मनाने करतो. कागद लिहिणाऱ्या अरेंजरला एकदा फोन करून विचारून घेतलं तर कमीपणा नाही.

आता ताल. प्रत्येक सुटा आकडा म्हणजे एक पूर्ण बार. केरव्याच्या आठ मात्रांचं एक आवर्तन ऑर्केस्ट्रावाले बहुधा चार ठोक्यांचा एक बार धरतात. पण लय संथ असली तर तेच आवर्तन दोन बार होते. कागदाच्या माथ्यावर लय आणि ताल लिहिलेला असतो, तो आधी वाच. नाहीतर सगळे ४ वर पोचतील तेव्हा तू १ वरच बसलेला असशील. दादऱ्याच्या सहा मात्रा एका बारमध्ये येतात. भजनात तू सुरांच्या मागे जातोस, गायक थांबला की तूही थांबतोस. इथे गायक कुठे का जाईना, आकडे ठेक्याच्या चाकावर फिरत राहतात. मला स्वतःला आकड्यांपेक्षा हीच सवय लावायला जास्त वेळ लागला.

तुझ्या कागदावरची ओळ घेऊ: १ ५ ६- ४. पेटीवाल्याचा हात काय करतो? सा ग प वाजवतो, मग हात उचलून प नी रे वर उडी, मग ध सा ग वर, मग मागे म ध सा वर. पोरं धानाच्या बांधीत धुऱ्यावरून धुऱ्यावर उड्या मारतात तसं दिसते आणि ऐकायलाही तसंच लागते. असं नाही गा. कॉर्डचे तीन सूर कोणत्याही क्रमाने चालतात, म्हणून शेजारी जे सापडतात ते घे. सा ग प वरून ५ ला जाताना प तिथेच ठेव, सा चा नी कर आणि ग चा रे कर: नी रे प. तिथून ६- ला सा ग ध. तिथून ४ ला फक्त ग उचलून म वर ठेव: सा म ध. चारही कॉर्ड्स एका वितीत झाल्या, मनगट हललं नाही. डाव्या हाताने खाली सा, प, ध, म एवढेच सुटे सूर. पेटीवर तुझा डावा हात आयुष्यभर भात्यावर होता. तो पडद्यांवर आणायला पहिले काही दिवस जड जाईल. आणि बेस गिटारवाला असेल तर डावा हात मांडीवर ठेव. दोघांनी खर्ज धरला की मंडपाच्या स्पीकरमधून नुसता चिखल बाहेर पडतो.

चौथा खड्डा सगळ्यात फसवा, कारण तिथे गायकही तुला चुकीची पट्टी सांगेल आणि तो खरं बोलत असेल. उदास वळणाची, कोमल ग ची गाणी असतात ना, त्यांचा सा ज्या कॉर्डवर टेकतो ती मायनर असते. अशी गाणी लिहायच्या दोन रीती आहेत. काही जण गायकाच्या सा लाच १- लिहितात. पण पुष्कळ जण त्या सा ला ६- लिहितात, कारण मग बाकीचे आकडे कोमलच्या खुणांशिवाय येतात. आता गायक म्हणतो, "माझी पट्टी काळी पाच." कागदाच्या माथ्यावर लिहिलेलं असते काळी एक. दोघंही बरोबर असतात. काळी एकचा ६ म्हणजे काळी पाच, आणि गाणं तिथे घर करून बसलं आहे. ओळखायची खूण: गाणं ६- वर सुरू होऊन ६- वर संपत असेल तर गायकाचा सा तिथे आहे. आणि अशा कागदावर मध्येच रेघ नसलेला ३ आला तर ती लिहिणाऱ्याची चूक समजू नको. तो मुद्दाम मेजर असतो: ग, कोमल ध, नी. गायकाच्या बाजूने पाहिलं तर ती त्याच्या पंचमाची, शुद्ध नी घेऊन घरी ढकलणारी कॉर्ड आहे. तू मला पाठवलेल्या तिसऱ्या कागदावर असा एक ३ मला दिसला. तो तसाच वाजव.

भैरवीच्या चालींना मात्र मी १- धरूनच लिहितो. रे ग ध नी चारही स्वर कोमल असल्याने १- च्या शेजारी को२ येतो, कोमल रे, म, कोमल ध चा. १- वरून को२ आणि परत १-, एवढ्यात अर्धी भैरवी होऊन जाते. ५ तिथे शुद्ध नी घेऊन दणक्यात वाजवला की चाल लगेच सिनेमाच्या गाण्यासारखी होते. कधी तेच हवं असते, नेहमी नाही.

हे निघालंच आहे तर भजनाबद्दलही एक सांगून टाकतो, कारण तू आकडे शिकलास की मंडळात जाऊन प्रत्येक ओळीखाली ४ आणि ५ टाकणार, मीही टाकले होते. भूप रागातली चाल घे. त्यात म आणि नी नाहीत. उरलेल्या सा रे ग प ध मधून पूर्ण कॉर्ड्स दोनच बनतात: १ आणि ६-. ४ वाजवलास की म घुसला, ५ वाजवलास की नी घुसला. गाणाऱ्या बुवाला कळणार नाही काय बिघडलं, पण तो मान वळवून तुझ्याकडे पाहील. तिथे ५ हवाच असेल तर नी सोडून नुसते प आणि रे धर. राष्ट्रसंतांची खंजिरीवरची भजनं आपल्याकडे गावोगाव होतात. पेटी तिथे गळ्याच्या मागेच चालावी असं माझं ठाम मत आहे. कॉर्ड्स ऑर्केस्ट्रासाठी ठेव.

कोणीतरी म्हणेलच, "कीबोर्डला ट्रान्सपोजचं, सगळे सूर एकदम खाली-वर सरकवायचं बटण आहे, मग कशाला ही कटकट?" वडसा भागात एका नाटकाच्या रात्री गायकाचा घसा बसला. काळी दोनची गाणी त्याने पांढरी एकमध्ये मागितली. मी बटण दाबून उणे तीन केलं आणि मजेत पहिलं गाणं वाजवलं. पुढचं गाणं नायिकेचं, तिची पट्टी तिचीच. मी बटण परत आणायचं विसरलो. मी एका पट्टीत, माझ्या बाजूचा दुसऱ्या पट्टीत, आणि ती बिचारी दोघांच्या मधे उभी. मागच्या सतरंजीवरून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, चहा पाजा रे यायले!" बटण वाईट नाही, पण बेस गिटारवाल्याकडे ते नसते. आकडे वाचणाऱ्या चौघांना 'आज काळी एक' एवढं सांगितलं की काम होते, कागद तोच राहतो.

आता सराव. पहिले दहा-पंधरा दिवस कीबोर्ड सुरूच करू नको. खंजिरी किंवा डफली घे, नाहीतर मांडीवर ठेका धर आणि कागदावरचे आकडे खर्जाच्या सुरात गा. सा च्या सुरावर 'एक', प च्या सुरावर 'पाच', ध वर 'सहा', म वर 'चार', प्रत्येकी एक आवर्तन. रोवणीच्या दिवसांत पाय चिखलात असतानाही हे होऊ शकते, मी केलं आहे. तोंडाने आकडा म्हणायचा आणि गळ्याने सूर लावायचा, म्हणजे दोघांची सांगड बसते. मग पडद्यांवर ये, काळी एकमध्ये, लय कमी ठेवून. वाजवताना नजर नेहमी एक आकडा पुढे ठेव. १ वाजतो आहे तेव्हा डोळ्यांनी ५ वाचून झालेला असला पाहिजे.

त्यानंतर खरं काम उलट दिशेने होते. फोनवर कोणतंही साधं गाणं लाव आणि कागद स्वतः लिही. गळ्याने सा धरून ठेव आणि कान बेसकडे दे. जिथे तुझा सा आणि खालचा सूर एकच झाले तिथे १ लिही. बेस वर चढून थांबला आणि तरी तुझा सा त्याच्यात गोड बसतो, तर बहुधा ४. सा टोचायला लागला आणि घरी जावंसं वाटलं तर ५. सा बसतो पण रंग उदास झाला, तर ६- लिहून पाहा. पहिले कागद चुकतील. वीस-पंचवीस गाणी लिहून झाली की दुसऱ्याचा कागद वाचताना तुला पुढचा आकडा आधीच ऐकू यायला लागेल, आणि त्यातली चूकही दिसेल. क्लासमध्ये शिकून आलेल्या मुलांपेक्षा पेटीवाला इथे पुढे जातो, कारण सा धरून ठेवायची सवय त्याला आधीच असते. पेटी वाया गेली का या प्रश्नाचं उत्तर यातच आलं.

आज रोवणी सुरू आहे, तुझा सीझन दिवाळीनंतर. काळी एक आणि काळी चार तोवर आरामात होतील, काळी दोनही होईल. सगळ्या बारा पट्ट्यांची घाई करू नको. बहुतेक पुरुष गायक काळी एक-दोनच्या आसपास आणि बायका काळी चार-पाचच्या आसपास मागतात, त्यातच वर्ष निघून जाते.

कागद लिहिताना एक नियम मात्र आजपासून पाळ: पट्टी नेहमी अक्षरात लिही, 'काळी पाच' असं, आणि आकडे फक्त कॉर्ड्ससाठी राख. लिहायचंही जाड पेनाने आणि मोठं, आपल्या मंचावरच्या उजेडात घाईने लिहिलेला ४ आणि ५ सारखाच दिसतो. कागद पुठ्ठ्याला चिमटे लावून ठेव, वरून पारदर्शक प्लास्टिक टाक. कापणीच्या दिवसांत दिव्यावर धानाचे तुडतुडे झुंडीने येतात. ६ च्या पुढे एखादा आडवा बसला की मायनर दिसते, म्हणून वाजवण्याआधी फुंकर मारून बघायची.